सायकलवाल्याच्या वतीने कोण विचारणार?

दुबईत २०२४ या एका वर्षात सायकल आणि ई-स्कूटर यांच्या २५४ अपघातांत १० माणसं दगावली आणि २५९ जखमी झाली. हे आकडे दुबई पोलिसांनीच जाहीर केले, ही जमेची बाजू. पण एवढ्या आकड्यांवरून जे कळायला हवं ते कळत नाही. ही माणसं पहाटे व्यायामाला निघाली होती की रात्रपाळी संपवून खोलीवर परतत होती? अपघात आखलेल्या सायकल मार्गावर झाले, की जिथे मार्गच नाही अशा एखाद्या औद्योगिक वस्तीच्या कडेला? पुण्यात असे प्रश्न नगरसेवकाने मुख्य सभेत आयुक्तांना विचारायचे असतात. लंडनमध्ये २५ सदस्यांची असेंब्ली वर्षातून दहा वेळा महापौरांना समोर बसवून विचारते. अमिरातींमध्ये ते कोणी, कुठे आणि कोणाच्या वतीने विचारायचे, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं असं की संयुक्त अरब अमिरातींनी सायकलसाठी जे बांधलं ते मोलाचं आहे. मात्र त्यातलं बहुतेक छंदाच्या सायकलीसाठी आहे. पोटासाठी चालवल्या जाणाऱ्या सायकलीच्या वाट्याला मुख्यतः दंड आला. पैशाची वा तंत्राची कमतरता हे याचं कारण असू शकत नाही, कारण दोन्ही तिथे मुबलक आहे. कमतरता आहे ती उघड सभागृहात त्या सायकलस्वाराबद्दल विचारणाऱ्याची.

आधी जे झालं आहे ते नीट पाहायला हवं. दुबईत सायकल मार्गांची लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि २०३० पर्यंत ती १,००० किलोमीटर करायचं रस्ते व वाहतूक प्राधिकरणाचं उद्दिष्ट आहे. अल कुद्राच्या वाळवंटातला मार्ग, नाद अल शेबाचं सायकल उद्यान, अल सुफूह ते दुबई हिल्स हा आखलेला साडेतेरा किलोमीटरचा मार्ग ही नावं तिथल्या सायकलप्रेमी मराठी मंडळींना पाठ असतील. नोव्हेंबर २०२० पासून दरवर्षी एका सकाळी शेख झायेद रोड मोटारींना बंद करून सायकलींना मोकळा केला जातो. मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर असं काही होईल, ही कल्पनाही आपल्याला करवत नाही. अबू धाबीला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ‘बाइक सिटी’चा मान दिला, आशियात हा मान मिळवणारं ते पहिलं शहर. २०१९ पासून ‘यूएई टूर’ ही व्यावसायिक शर्यत भरते आहे, आणि अमिरातींच्या नावाचा संघ ताडे पोगाचारसारखा ‘टूर द फ्रान्स’चा विजेता बाळगून आहे. सायकलला प्रतिष्ठा देण्यासाठी राज्यकर्त्यांनी एवढं मनावर घेतल्याचं उदाहरण आशियात दुसरं पटकन आठवत नाही.

याच शहरांत दुसरी एक सायकल चालते. तिला गिअर नसतात. ती दैरा, सतवा किंवा शारजाच्या रोल्ल्यातल्या बकाल्याची, म्हणजे किराणा दुकानाची असते. मागच्या कॅरिअरवर पाण्याचे कॅन, पुढे पिशव्या. पहाटे गाड्या धुणाऱ्याची असते, अल कूझ किंवा जबल अलीच्या कामगार वस्तीतून गोदामाकडे जाणाऱ्याची असते. तिचा स्वार बहुतेक वेळा बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ किंवा आपल्या उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातला. बस वेळेवर जुळत नाही, टॅक्सी परवडत नाही, चालायला उन्हाने अंतर मोठं होतं, म्हणून सायकल. दुबईच्या कार्यकारी परिषदेने २०२२ मध्ये ठराव क्रमांक १३ काढून सायकलींसाठी नियम ठरवले. हेल्मेट, परावर्तक जाकीट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा, ठरलेल्या मार्गाचा वापर अशा या अटी कागदावर कोणीही मान्य कराव्यात अशाच आहेत. ताशी ६० किलोमीटर वा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यावर सायकल घातली तर ३०० दिरहम दंड. आता नकाशा पाहा. कामगार वस्त्या शहराच्या कडेला, औद्योगिक पट्ट्यांत आहेत आणि त्यांना कामाच्या ठिकाणांशी जोडणारे रस्ते नेमके वेगवान आहेत. जिथे सायकल मार्ग पोचलेला नाही तिथे कायदा पाळायचा तर सायकलच सोडावी लागते. महिन्याला हजार-बाराशे दिरहम कमावणाऱ्यासाठी एक दंड म्हणजे आठवड्याची कमाई, शिवाय सायकल जप्त होते ती वेगळी. पोलीस अशा मोहिमांत शेकड्यांनी सायकली जप्त करतात आणि तेवढीच बातमी होते. संघराज्याच्या पातळीवर २०२४ चा नवा वाहतूक कायदा २९ मार्च २०२५ पासून लागू झाला. १९९५ चा जुना कायदा त्याने बदलला. ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाचे रस्ते पायी ओलांडणाऱ्याला त्यात कैदेपर्यंतची शिक्षा आहे. दुबईत २०२३ मध्ये भलत्या जागी रस्ता ओलांडल्याबद्दल सुमारे ४४,००० लोकांना दंड झाला. एका वर्षात इतकी माणसं जीव धोक्यात घालून त्याच चुका करत असतील, तर ओलांडायला पूल कुठे आहे आणि किती लांब आहे, हे विचारणं क्रमप्राप्त ठरतं. दंडाच्या आकड्याबरोबर हे अंतर कधी छापून येत नाही.

मग विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? दुबईत निवडून आलेली महापालिका नाही. शहराची धोरणं कार्यकारी परिषद ठरवते आणि प्राधिकरणं राबवतात. शारजात सल्लागार परिषद आहे. तिच्या निम्म्या सदस्यांची निवडणूक २०१६ मध्ये पहिल्यांदा झाली आणि तिथे खात्यांच्या प्रमुखांना बोलावून त्यांच्या धोरणांवर चर्चा होते. नगरसेवकाच्या सर्वांत जवळ जाणारी ही व्यवस्था म्हणावी लागेल. संघराज्यासाठी ४० सदस्यांची संघीय राष्ट्रीय परिषद आहे, अबू धाबीत भरणारी. अबू धाबी आणि दुबईचे आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाचे सहा-सहा, अजमान, उम्म अल कुवैन आणि फुजैरा यांचे चार-चार सदस्य. निम्मे नेमलेले, निम्मे निवडलेले. निवडणूक २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा मतदार सुमारे साडेसहा हजार होते. २०२३ च्या मतदार यादीत ३,९८,८७९ नावं होती. या वाढीला कमी लेखण्याचं कारण नाही, आणि २०१९ पासून निम्म्या जागा स्त्रियांकडे आहेत हे तर आपल्या संसदेलाही अजून जमलेलं नाही. परिषद सल्लागार स्वरूपाची आहे. तिने विधेयक नाकारलं तरी ते अमलात येऊ शकतं. पण राज्यघटनेने तिला एक खरी ताकद दिली आहे. कलम ९३ नुसार कोणताही सदस्य मंत्र्याला त्याच्या अखत्यारीतल्या विषयावर प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याने उत्तर द्यायचं असतं. परिषदेची बैठक नियमाने उघड असते. ती गुप्त ठेवायची तर सरकार, अध्यक्ष किंवा एक तृतीयांश सदस्यांनी तशी मागणी करावी लागते. पुढची मर्यादा कलम ९२ मध्ये आहे. सर्वसाधारण चर्चेचा विषय संघराज्याच्या सर्वोच्च हिताविरुद्ध आहे असं मंत्रिमंडळाने कळवलं तर ती चर्चा होत नाही. सायकल मार्ग आणि पादचारी पूल या सबबीखाली येतील असं मला वाटत नाही. म्हणजे दार आहे आणि ते उघडंही आहे.

त्या दारातून आतापर्यंत काय आत गेलं हे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. २०२५ मध्ये परिषदेत दुबई आणि उत्तरेकडच्या अमिराती यांच्यामधल्या वाहतूक कोंडीवर जोरदार चर्चा झाली. ऊर्जा आणि पायाभूत सुविधा मंत्री सुहैल अल मझरूई यांनी उत्तर देताना देशातली वाहनसंख्या वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढते आहे, जगात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे, असं सांगितलं. प्रश्न योग्य होता आणि उत्तराने देशाला एक उपयोगी आकडा दिला. पण तो मोटारीत अडकलेल्या माणसाचा प्रश्न होता. शारजाहून दुबईला रोज गाडी चालवत जाणारा नागरिक मतदार असतो, सदस्याचा नातलग असतो, कधी स्वतः सदस्यच असतो. डिलिव्हरीच्या मोटारसायकलींचं उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखं आहे. मे २०२२ मध्ये दुबईत डिलिव्हरू आणि पाठोपाठ तलबात या कंपन्यांच्या स्वारांनी काम थांबवलं, जेवण पोचेनासं झालं आणि या कामगारांकडे साऱ्या शहराचं लक्ष गेलं. पुढे त्यांच्यासाठी वातानुकूलित विश्रांतीच्या जागा उभ्या राहिल्या, परवान्याचे नियम झाले, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून दुबईत त्यांना वेगवान मार्गिकांत जायला बंदी आली. शारजानेही त्याच दिवसापासून त्यांच्यासाठी वेगळ्या मार्गिका ठरवल्या. यातल्या प्रत्येक उपायाबद्दल मतभेद असू शकतात, पण या स्वारांची नोंद घेतली गेली हे खरं. बकाल्याच्या सायकलवाल्याने काम थांबवलं तर मात्र एखाद्या इमारतीत दूध उशिरा पोचेल, एवढंच. ती गैरसोय फारशी कोणाला जाणवणार नाही, म्हणूनच त्याच्यासाठी विचारणारा माणूस मुद्दाम असावा लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अमिरातींची राज्यपद्धत प्रश्नोत्तरांवर उभी नाही, ती मजलिसवर, म्हणजे शासकाच्या खुल्या बैठकीवर उभी आहे. माणूस थेट शासकापर्यंत जातो, शिवाय आता दुबई पोलिसांचा ९०१ हा दूरध्वनी क्रमांक, तक्रारीची ॲप्स, सगळं आहे, आणि काम आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. परिणामही दिसतात: २००८ मध्ये देशात रस्त्यांवर हजाराहून अधिक माणसं मेली होती, २०२२ मध्ये हा आकडा ३४३ वर आला. लोकसंख्या आणि वाहनं दोन्ही वाढत असताना ही घट झाली, आणि ती कोणत्याही विरोधी बाकावरच्या प्रश्नाशिवाय झाली. हे यश मान्यच करायला हवं. तरी दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे त्यानंतरचे आकडे: २०२३ मध्ये ३५२, २०२४ मध्ये ३८४. उतरण थांबून चढण सुरू झाली आहे, आणि का, याचं उत्तर द्यायला कोणाला तरी उभं करावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त मूलभूत आहे. तक्रार खाजगी असते, तिचं उत्तरही खाजगी असतं. माझ्या गल्लीतला खड्डा बुजला, पण तसे आणखी किती खड्डे आहेत हे मला कळलं नाही आणि दुसऱ्यालाही नाही. सभागृहातला प्रश्न इतिवृत्तात जातो. पुढच्या वर्षी दुसरा सदस्य तेच उत्तर पुढे ठेवून विचारू शकतो की गेल्या खेपेस सांगितलेल्या पुलाचं काय झालं. दुबईने २०१५ मध्ये आकडेवारी खुली करण्याचा कायदा केला, गृह मंत्रालय अपघातांची खुली आकडेवारी देतं, हे चांगलं आहे. पण सरकार जे द्यायचं ठरवतं ते देतं. आपल्या माहिती अधिकारासारखा ‘मला अमुक कागद हवा’ म्हणण्याचा हक्क त्यात नाही. त्यातच २०२१ च्या अफवा व सायबर गुन्हेविषयक कायद्यामुळे परदेशी रहिवासी सार्वजनिक टीका करताना दहा वेळा विचार करतो. रहिवाशाने जपून बोलायचं असेल तर सदस्याने मोकळेपणाने विचारणं आणखी गरजेचं होतं.

दुसरा आक्षेप आपल्याच घरचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. पुण्यात सगळं होतं. ७४ वी घटनादुरुस्ती, निवडून आलेले नगरसेवक, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने दिलेला आयुक्तांना प्रश्न विचारण्याचा अधिकार, माहिती अधिकार, जागरूक संस्था, आणि सायकलींचं शहर म्हणून एकेकाळी असलेली ख्याती. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक मार्गांचं जाळं होतं. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची योजना आली आणि दोनेक वर्षांत बारगळली. आज त्या जाळ्यातले तुकडे शोधावे लागतात, आणि सापडतात तिथे त्यांवर दुचाक्या उभ्या असतात, फेरीवाले असतात, मध्येच विजेचा खांब येतो. म्हणजे पुण्याने प्रश्न विचारले आणि मार्ग झाले नाहीत, दुबईने न विचारता मार्ग बांधले. मग प्रश्नांचा उपयोग काय? हा युक्तिवाद सोपा वाटतो, म्हणून तो नीट तपासायला हवा. पुण्यात प्रश्न विचारण्याचा हक्क होता, पण तो वापरला गेला प्रभागापुरता. माझ्या प्रभागातला रस्ता, माझ्या प्रभागातला निधी. संपूर्ण जाळ्याचा हिशेब, म्हणजे मंजूर किती, निविदा किती, पूर्ण किती, त्यातलं वापरण्याजोगं किती, हा दरवर्षी मागितला गेला असता तर आराखडा इतक्या निमूटपणे कागदावर राहिला नसता. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तर प्रश्न विचारणारेच उरले नाहीत. जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता, निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. या चार वर्षांत पुण्याची अवस्था दुबईसारखी होती, वरून आलेला निर्णय आणि खालून प्रश्न नाही. फरक इतकाच की वरच्या निर्णयामागे दुबईसारखा पैसा आणि शिस्त नव्हती. मतदानानंतर चारच दिवसांनी, १९ जानेवारीला, पुण्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत सुरू झाली. तिच्यासाठी जिल्ह्यातले रस्ते गुळगुळीत करण्यात आले. शर्यतीबद्दल माझी तक्रार नाही. पण शर्यतीच्या मार्गाला जे मिळालं ते रोज शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलीच्या मार्गाला का मिळालं नाही, हा प्रश्न पुण्यात आणि अबू धाबीत शब्दशः सारखा आहे. पाहुणे येणार म्हणून सायकलचा रस्ता होतो, आणि पाहुण्यांच्या वाटेवरच होतो.

तेव्हा दोन्ही शहरांचा अनुभव एकत्र ठेवला तर निष्कर्ष निघतो तो असा: बांधण्याची ताकद आणि विचारण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. दोन्ही जुळल्या तर काय होतं ते नेदरलँड्समध्ये दिसलं. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. पालकांनी ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभारली, खासदारांना आणि नगरपालिकांना आकडे दाखवून जाब विचारला, आणि पुढच्या दशकांत आज जगाला ठाऊक असलेले सायकल मार्ग बांधले गेले. तिथेही आधी मोटारींसाठीच रस्ते रुंद होत होते, हे आपण सोयीने विसरतो.

अमिरातींबाबत शेवटचा आक्षेप नागरिकत्वाचा. देशात दहातली जवळपास नऊ माणसं परदेशी आहेत; ती कामाला येतात, करार संपला की जातात; परिषद नागरिकांची आहे, तिने पाहुण्या कामगारांच्या सायकलीसाठी का झिजावं? मताचा अधिकार मागण्याचा इथे विषयच नाही. घटनेचं कलम ७७ म्हणतं की सदस्य फक्त आपल्या अमिरातीचं नव्हे, तर संघराज्याच्या साऱ्या जनतेचं प्रतिनिधित्व करतो. त्या जनतेत परदेशी कामगार येत नाही असा काटेकोर अर्थ कोणी लावेल. पण ज्या रस्त्यावर तो मरतो तो रस्ता याच देशातला आहे, ज्याच्या गाडीखाली येतो तो नागरिकही असू शकतो, आणि मंत्री उत्तरदायी आहे तो रस्त्याला. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. ही बंदी मतदारांसाठी केली गेली नाही, मत नसलेल्या कामगारांसाठीच केली गेली. त्या देशाला ही नीती परकी नाही.

आपल्या बाजूलाही एक दार आहे, आणि ते मराठी वाचकाच्या हातचं आहे. अमिरातींत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. लोकसभेत आणि राज्यसभेत परदेशी मृत्यू पावलेल्या भारतीयांबद्दल प्रश्न विचारले जातात आणि परराष्ट्र मंत्रालय देशवार तक्ते पटलावर ठेवतं. ते तक्ते सर्वांना वाचता येतात. त्यांतून एकूण मृत्यू कळतात. माणूस पायी होता, सायकलवर होता की मोटारीत, हे कळत नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ सदस्य जातात. त्यांपैकी एकाने अतारांकित प्रश्न टाकून आखाती देशांतल्या अपघाती मृत्यूंची अशी फोड मागितली, तर दूतावासांना ती नोंद ठेवायला सुरुवात करावी लागेल, आणि वर्षाकाठी तीच फोड अमिरातींच्या परिषदेतल्या एखाद्या सदस्याच्याही हाती पडेल.

त्या परिषदेत विचारायचे प्रश्न फार नाहीत, पण नेमके हवेत. गेल्या पाच वर्षांत मेलेल्या सायकलस्वारांपैकी किती जण कामावर जाता-येताना मेले, आणि त्यांतले किती कामगार वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत? बांधलेल्या सायकल मार्गांपैकी किती किलोमीटर औद्योगिक क्षेत्रांतून जातात? जप्त झालेल्या सायकलींचं पुढे काय होतं, आणि दंड ज्या रस्त्यांवर झाले त्यांना समांतर सायकल मार्ग आहे का? दुबईच्या १,००० किलोमीटरांच्या उद्दिष्टात सोनापूर, अल कूझ आणि जबल अली इथल्या कामगार वस्त्यांच्या वाट्याला किती येतात, हा प्रश्न संघीय मंत्र्याच्या कक्षेबाहेरचा म्हणून टाळला जाईल. तेव्हा तो दुबईच्या प्राधिकरणाकडे लेखी पाठवून त्याचं उत्तर परिषदेच्या पटलावर ठेवावं, अशी मागणी सदस्याला करता येईल. आणि उत्तर आलंच नाही, तर ते आलं नाही एवढी तरी नोंद इतिवृत्तात राहील, पुढच्या अधिवेशनात तिथूनच पुढे विचारायला.